वगळलेला भाग

"परत अडकली! नेमकी त्याच जागी अडकली!"

मास्तरांनी माउस बाजूला ढकलला आणि ते खुर्चीत मागे रेलले.

रविवारची दुपार होती. घरातल्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर पांढरं हेल्मेट घातलेला एक माणूस तोंड अर्धवट उघडून थिजला होता. त्याच्या हनुवटीचे चौकोनी तुकडे झाले होते आणि स्पीकरमधून एकच अक्षर घरघरत होतं. थोड्या वेळाने तेही थांबलं. आतली सीडी मात्र दम लागल्यासारखी फिरत राहिली.

"अहो, पुसून बघा ना," पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत बायको म्हणाली.

"किती पुसू? पुसून पुसून झिजायची आता."

"मग उलटी घालून बघा."

"ती काय चादर आहे उलटी घालायला?"

बायको हसली. मास्तरांना हसू आलं नाही. उद्या नव्या कामगारांच्या तुकडीला हीच फिल्म दाखवायची होती.

मास्तर हे काही शाळेतले मास्तर नव्हते. एका कागदाच्या गिरणीत ते सुरक्षा प्रशिक्षक होते. यंत्रात हात कसा अडकतो, आग लागली तर कुठल्या दाराने पळायचं, हे कामगारांना शिकवायचं त्यांचं काम. शिकवतात म्हणून कामगार त्यांना मास्तर म्हणू लागले आणि मग गल्लीतही तेच नाव पडलं. त्यांची बायको कोर्टात टंकलेखक होती. साक्षीदार बोलतो ते शब्दन् शब्द टाइप करण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती.

सीडीची गोष्ट अशी. मुख्य कचेरीने कामगारांसाठी एक चांगली फिल्म तयार करून घेतली होती. प्रत्येक गिरणीने आपली प्रत रीतसर मागवावी, असा नियम होता. मॅनेजरनी तो नियम वाचला, फाइल बंद केली आणि शेजारच्या गिरणीतून त्यांची सीडी एका दिवसापुरती मागून आणली.

"तुमच्या घरी कॉम्प्युटर आहे ना, मास्तर? काढा एक कॉपी. कशाला उगाच कागदी घोडे नाचवायचे!"

मास्तरांनी त्या दिवशी मूळ फिल्म सगळी बघितली. उत्तम होती. मग संध्याकाळी घरी जाताना कोपऱ्यावरच्या दुकानातून सगळ्यात स्वस्त कोऱ्या सीडींचं पाकीट घेतलं आणि कॉपी करायला बसले. वेग किती ठेवायचा, असं कॉम्प्युटरने विचारलं. त्यांनी सगळ्यात जास्त निवडला. शेवटी कॉम्प्युटरने आणखी एक प्रश्न विचारला: कॉपी मूळ सीडीशी ताडून बघू का? ताडायला पुन्हा तेवढाच वेळ लागणार होता. मास्तरांनी 'नको' म्हणून टाकलं. सुरुवातीची काही मिनिटं चालवून बघितली. चित्र छान, आवाज छान. सकाळी मूळ सीडी परत गेली.

आणि आता ही कॉपी त्या हेल्मेटवाल्यापाशी येऊन बसकण मारत होती. गिरणीतल्या कॉम्प्युटरवर मारत होती, घरच्यावरही मारत होती.

संध्याकाळी भाचा आला. त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं आणि मामाकडे येताना तो पेचकस खिशात घेऊनच येत असे. त्याने सीडी उजेडात तिरकी धरून बघितली. खालच्या बाजूला एक फिकट पट्टा दिसत होता. मग त्याने सगळी फिल्म कॉम्प्युटरमध्ये उतरवून घ्यायचा प्रयत्न केला. हिरवी पट्टी सरकत सरकत निम्म्याच्या पुढे गेली आणि थबकली.

"मामा, तुमच्या कॉम्प्युटरला काही झालेलं नाही. या जागी फिल्म नीट लिहिलीच गेलेली नाही. घाईघाईत गिरबटलेलं अक्षर लिहिणाऱ्यालाही वाचता येत नाही ना, तसं झालंय. कॉम्प्युटर बिचारा पुन्हा पुन्हा वाचायला बघतो, म्हणून चित्र थांबतं."

"उपाय काय?"

"मूळ सीडी आणा. हळू वेगात लिहू आणि शेवटी ताडून बघू. एका बैठकीचं काम आहे."

"आणि मूळ नाही मिळाली तर?"

"तर तो भाग गेला. जे लिहिलंच गेलं नाही ते मी कुठून आणू, मामा?"

त्याने एक युक्ती तेवढी दाखवली. अडकायच्या आधी पुढच्या प्रकरणावर उडी मारली, की आग विझवण्याचा भाग सुरू व्हायचा आणि फिल्म शेवटपर्यंत सुरळीत चालायची.

"चला, जेवायला बसा आता," बायको म्हणाली. "बाकीची चालतेय ना? तेवढी पुरे."

दुसऱ्या दिवशी मास्तर मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले. मूळ सीडी पुन्हा मागवता येईल का, असं चाचरत विचारलं. मॅनेजरनी चष्म्यावरून बघितलं.

"म्हणजे आपण कॉपी काढली, तीही धड काढता आली नाही, हे गावभर सांगायचं? बाकीची फिल्म चालते ना?"

"चालते."

"मग चालवून घ्या."

'चालवून घ्या!' वाचकहो, हे दोन शब्द आपण किती सहज बोलतो! तुंबलेला नळ, सैल झालेला जिन्याचा कठडा, करपलेली वायर, सगळं आपण चालवून घेतो. मास्तरांनीही घेतलं.

आता हा वगळलेला भाग कशाबद्दल होता, ते सांगायला हवं. कागद बनवायचा लगदा मोठ्या बंदिस्त हौदांत साठवतात. लगदा तसाच पडून राहिला की कुजतो आणि त्यातून विषारी वायू सुटतो. सुरुवातीला सडका वास येतो. मग वायू वाढला की नाकच बधिर होतं आणि वास येईनासा होतो. वास गेला म्हणजे वायू गेला असं समजू नका, असं तो हेल्मेटवाला सांगत होता. आणि दुसरी गोष्ट: हौदात कुणी कोसळलेला दिसला, तर त्याच्यामागे उतरू नका. तुम्हीही त्याच्या शेजारी पडाल. ओरडा, माणसं गोळा करा, मुखवटा आणि हवेची टाकी असलेल्या माणसालाच उतरू द्या.

पहिल्या काही तुकड्यांना मास्तर हे सगळं स्वतः सांगत. फिल्म थांबवून, फळ्यावर हौदाचं चित्र काढून सांगत. मग एकदा घसा बसला होता म्हणून थोडक्यात आटोपलं. नंतर एकदा यंत्र सुरू करायची घाई होती म्हणून नुसतं "हौदापाशी जपून" एवढंच म्हटलं. पुढेपुढे तेही राहिलं. हेल्मेटवाल्याने तोंड उघडलं रे उघडलं की मास्तर बटण दाबत आणि फिल्म आगीवर उडी मारी. कधी दाबायला उशीर झाला की तो पडद्यावर थिजायचा. कामगारांनी त्याचं नाव ठेवलं होतं, 'आ वासलेले काका'. काका आले की खोलीत हशा पिकायचा, कुणीतरी चहा आणायला उठायचा. मास्तरही हसायचे. पाट्या टाकायची सवय अशीच लागते. कुठल्या दिवशी लागली ते माणसाला सांगता येत नाही.

गिरणीत लंबू नावाने ओळखला जाणारा एक जुना कामगार होता. उंच, मोजकं बोलणारा, कामाला वाघ. त्याने आपल्या बायकोच्या धाकट्या भावाला गिरणीत चिकटवून घेतलं. लंबूचा मेहुणा म्हणून सगळे त्याला 'मेहुणे' म्हणू लागले. बघता बघता तो अख्ख्या गिरणीचाच मेहुणा झाला. बायकाही त्याला मेहुणे म्हणत, तेव्हा तो लाजून लाल होई. तोंडाने बडबड्या, हाताने चपळ. कुणाचं काही अडलं की दुसरा विचार करेपर्यंत हा पोचलेला असे.

मेहुण्याची तुकडी फिल्म बघायला बसली त्या दिवशी लंबूही होता. जुन्यांनीही पुन्हा बघावी, असा हुकूम निघाला होता. काका आ वासून थांबले. सगळे हसले. मास्तरांनी बटण दाबलं.

फिल्म संपल्यावर खोली रिकामी झाली, पण मेहुणा दाराशी रेंगाळला.

"मास्तर, ते काका काय सांगत होते हो मघाशी? हौदाचं काहीतरी होतं ना?"

मास्तर वायर गुंडाळत होते. जेवणाची सुट्टी संपत आली होती.

"अरे, तेच रे. काळजी घ्या, जपून राहा. दुसरं काय सांगणार?"

"मला वाटलं काही खास असेल. चेहरा भलताच गंभीर करून उभे असतात!"

दोघेही हसले. मेहुणा गेला. मास्तरांनी दिवा बंद केला.

त्यानंतर काही महिन्यांनी यंत्रांच्या दुरुस्तीसाठी गिरणी बंद ठेवली. हौद रिकामे करायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. गिरणी सुरू करायच्या सकाळी सगळ्यांची धावपळ उडाली, आणि एका हौदातून लगदा खाली येईना. तळाचं तोंड तुंबलं होतं.

लंबूने झाकण उघडलं. मेहुणा त्याच्या मागेच उभा होता. भपकन सडका वास आला. शेजारच्या कामगाराने नाकावर रुमाल धरला. लंबू काठावर वाकून आत बघत राहिला. बॅटरीच्या उजेडात शिडीच्या खाली घट्ट झालेला लगदा दिसत होता. मॅनेजरचा माणूस येऊन विचारून गेला, "किती वेळ लावताय?"

"गेला वास," थोड्या वेळाने लंबू म्हणाला. "उतरतो आता. पहार दे."

वास गेला नव्हता. लंबूचं नाक गेलं होतं.

तो शिडीने उतरला. तळाशी पोचला, पहार उचलली आणि उभ्याचा उभा खाली बसला. मग एका कुशीवर कलंडला.

"दाजी!" वरून मेहुण्याने हाक मारली. "ओ दाजी! काय झालं?"

उत्तर आलं नाही. मेहुण्याने क्षणभरही थांबून बघितलं नाही. बहिणीचा नवरा खाली पडला होता! तो शिडीवरून निम्मा उतरला, निम्मा घसरला. लंबूच्या काखेत हात घालून त्याने उचलायचा प्रयत्न केला. वर उभे असलेल्यांनी त्याचं तोंड एकदा वर वळलेलं बघितलं. मग तोही लंबूच्या अंगावर पडला.

तिसरा कामगार शिडीवर पाय ठेवत होता, तेवढ्यात मुकादमाने त्याला कमरेला धरून मागे ओढलं. मुकादमाने आधीच्या नोकरीत असंच एक मरण पाहिलं होतं.

"कुणी उतरायचं नाही! खाली गेलेला वर येत नाही! बंबवाल्यांना बोलवा!"

मास्तर धावत आले तेव्हा हौदाभोवती माणसांचं कडं झालं होतं. त्यांनी वाकून बघितलं. खाली एकाच्या अंगावर दुसरा असे दोघे निश्चल पडले होते. त्यांना हाक मारणंही सगळ्यांनी आता बंद केलं होतं. अग्निशामक दलाची माणसं मुखवटे चढवून उतरली. दोघांना वर आणलं. अंगावरचा लगदा पाण्याने धुतला, तेव्हा कोण कुठला ते कळलं.

दुपारी मॅनेजरनी मास्तरांना बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"चौकशी होणार. सरकारी अधिकारी येईल. तो विचारेल, प्रशिक्षण दिलं होतं का? आपण दिलं होतं. बरोबर? फिल्म दाखवली होती. बरोबर? यात खोटं काय आहे?"

"पण साहेब, हौदाचा तो भाग..."

"कुठला भाग?" मॅनेजरचा आवाज खाली आला. "मास्तर, ती कॉपी तुमच्या घरी निघाली आहे. तुमच्या हाताने. एवढं लक्षात ठेवा आणि मग काय बोलायचं ते ठरवा."

अधिकारी आला. पहिल्या भेटीत त्याने सरळच विचारलं, "या दोघांना सुरक्षेची फिल्म दाखवली होती?"

"हो," मास्तर म्हणाले.

त्या एका होकाराने गिरणीत वाऱ्यासारखी बातमी पसरली. सगळं शिकवलेलं होतं! लंबूने नियम धाब्यावर बसवला. आणि मेहुणा? तो तर वेडाच. शिकवलेलं असूनही उडी टाकली. हळहळ होतीच, पण हळहळीच्या पाठीला पाठ लावून 'त्यांचीच चूक' हे शब्द गिरणीच्या फाटकाबाहेर पडले आणि थेट लंबूच्या घरात शिरले.

मास्तर भेटायला गेले तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं. लंबूच्या बायकोने एकाच सकाळी नवरा आणि भाऊ दोन्ही गमावले होते. तिचे वडील भिंतीकडे तोंड करून बसले होते. त्यांचा मुलगा गेला होता आणि जावईही. नात्यातला एक काका मोठ्या आवाजात कुणाला तरी समजावत होता.

"सगळं शिकवतात हो तिकडे. फिल्म दाखवतात. पण हल्लीची पोरं ऐकतात कुठे? डोकं न वापरता उडी मारली, दुसरं काय!"

भिंतीकडे तोंड केलेली पाठ थोडी आणखी वाकली.

मास्तरांना बघून लंबूची बायको उठून आली. तिचे डोळे कोरडे होते. तिने त्यांना दाराशी थोडं बाजूला घेतलं.

"मास्तर, तुम्हीच शिकवत होतात ना दोघांना?"

"हो, वहिनी."

"मग माझा भाऊ का उतरला?"

मास्तर दाराची चौकट चाचपू लागले.

"मी चिडून विचारत नाही हो. मला कळत नाहीये, म्हणून विचारते. तो धांदरट होता, पण बावळट नव्हता. त्याला एकदा सांगितलेलं तो विसरत नसे. तुम्ही सांगितलं असतं की खाली मरण आहे, उतरू नकोस, तर तो ओरडला असता, रडला असता, लोकांना हाका मारत सुटला असता, पण उतरला नसता. हे सगळे म्हणतात तो मूर्खासारखा मेला. खरं आहे का हे?"

"वहिनी, आत्ता तुम्ही... आपण नंतर बोलू," मास्तर कसेबसे म्हणाले आणि चपला घालून निघाले.

घरी बायको नुकतीच कोर्टातून आली होती. मास्तरांनी तिला सगळं सांगितलं. आ वासलेले काका, बटण, दाराशी रेंगाळलेला मेहुणा, 'तेच रे' हे आपलं उत्तर, आणि अधिकाऱ्यापुढे दिलेला होकार. ती हातातली पिशवी खाली न ठेवताच ऐकत होती.

"अधिकारी परवा पुन्हा येणार आहे," मास्तर म्हणाले. "शेवटचा जबाब. पण मी खोटं तर बोललो नाही ना? फिल्म दाखवली होती हे खरंच आहे."

"मी आजवर शेकड्यांनी साक्षी टाइप केल्यात," बायको म्हणाली. "निव्वळ खोटं बोलणारा साक्षीदार फार क्वचित भेटतो. बहुतेक जण खरंच बोलतात. फक्त त्यातला एक तुकडा गाळतात. आणि नेमका त्याच तुकड्यावर कुणाचं तरी आयुष्य टांगलेलं असतं."

"नोकरी जाईल माझी."

"जाईल."

"खटलाही होईल कदाचित."

"होईलही. मला भीती वाटत नाही असं नाही."

"मी त्यांना मारलं नाही!" मास्तर एकदम ओरडले. "हौद मी भरून ठेवला नव्हता. घाई मी केली नव्हती. कॉपी काढ म्हणून मॅनेजर म्हणाला! चालवून घ्या म्हणून मॅनेजर म्हणाला!"

"ते सगळं सांगा ना! त्या अधिकाऱ्याला सांगा. त्यातलं अवाक्षरही गाळू नका. मॅनेजरचा वाटा मॅनेजरला मिळू दे. पण त्याआधी तुमचा वाटा तुम्ही घ्या." ती खुर्चीवर बसली. तिचा आवाज उतरला. "माझाही आहे त्यात. 'तेवढी पुरे' म्हणून मीच तुम्हाला उठवलं होतं जेवायला. मला काय माहीत, असं म्हणून मी हात झटकू शकते. पण मी विचारलंही नव्हतं, की राहिलेल्या भागात काय आहे."

तिने हातातली पिशवी टेबलावर ठेवली.

"जिवंत माणूस भांडतो, खुलासा करतो," मग ती म्हणाली. "मेलेल्याला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहता येत नाही. त्याच्या नावावर काहीही लिहून टाकता येतं. त्या मुलाच्या वतीने बोलू शकेल असा या जगात एकच माणूस आहे, अहो. आणि तो तोंड मिटून बसला आहे."

चौकशीच्या दिवशी मास्तर खोलीत शिरले तेव्हा मॅनेजर अधिकाऱ्याच्या शेजारी बसले होते. मुकादमही होता.

"तुमच्या आधीच्या जबाबात काही बदल?" अधिकाऱ्याने सवयीने विचारलं. त्याने पेनाचं टोपण लावायला घेतलंही होतं.

"आहे," मास्तर म्हणाले. त्यांनी खिशातून सीडी काढली. "ही तुमच्या कॉम्प्युटरवर लावा. मी सांगतो तिथून बघा."

"याची गरज नाही," मॅनेजर उठू लागले.

"बसा," अधिकारी म्हणाला.

फिल्म सुरू झाली. हेल्मेटवाल्याने तोंड उघडलं आणि तो थिजला. खोलीत कुणी हसलं नाही. सगळे वाट बघत राहिले. सीडी आत घरघरत होती.

"पुढे काय आहे?" अधिकाऱ्याने विचारलं.

मास्तरांनी सांगितलं. सडक्या वासाचं सांगितलं, बधिर होणाऱ्या नाकाचं सांगितलं, पडलेल्या माणसामागे न उतरण्याचं सांगितलं. एक शब्दही विसरले नाहीत.

"तुम्हाला तर सगळं पाठ आहे!"

"हो. पाठ आहे. सुरुवातीच्या तुकड्यांना सांगत होतो. नंतर कंटाळा केला आणि बटण दाबून पुढे जायला लागलो. या दोघांना तो भाग दिसला नाही आणि मी तोंडानेही सांगितला नाही. तो मुलगा माझ्याकडे विचारायला आला होता, साहेब! 'काका काय सांगत होते' म्हणून विचारत होता! मी म्हटलं, तेच, दुसरं काय! त्याची चूक नाही. त्याला माहीतच नव्हतं! मी सांगितलं असतं तर लंबू कदाचित उतरला नसता, आणि हा तर नक्कीच उतरला नसता!"

मुकादमाने मान खाली घातली. मॅनेजर काहीतरी बोलू लागले, पण अधिकाऱ्याने हात वर केला आणि पेनाचं टोपण पुन्हा काढलं. त्या दिवशी जबाब लिहून व्हायला संध्याकाळ झाली. कॉपी कुणी काढायला सांगितली, मूळ सीडी मागवायला कुणी नकार दिला, हौद का भरलेला राहिला, सगळं त्यात आलं.

मास्तरांची नोकरी गेली. मॅनेजरचीही गेली, आणि दोघांवर खटला उभा राहिला. चौकशीच्या अहवालात मृतांवर दोष ठेवला गेला नाही. पण हे सगळं मागाहून झालं. त्या संध्याकाळी मास्तर गिरणीतून निघाले ते घरी न जाता लंबूच्या घराकडे वळले.

दार लंबूच्या बायकोने उघडलं. मास्तरांनी उंबऱ्याबाहेर उभं राहूनच तिला सगळं सांगितलं. ती दाराची कडी घट्ट धरून ऐकत होती.

"म्हणजे त्याला ठाऊक नव्हतं," ती म्हणाली.

"नव्हतं."

"आणि त्याने विचारलं होतं."

"हो, वहिनी. विचारलं होतं. मीच सांगितलं नाही."

तिने मास्तरांच्या चेहऱ्याकडे असं बघितलं, की आता ही आपल्याला मारेल असं त्यांना वाटलं. मारलं असतं तर बरं, असंही वाटलं. पण ती वळून आत गेली आणि वडिलांना हाताला धरून बाहेर घेऊन आली. तो मोठ्या आवाजाचा काका आणि शेजारचे चारजण त्यांच्यामागे दाराशी येऊन उभे राहिले.

"बाबा, इथे बसा," ती म्हणाली. मग मास्तरांकडे वळली. "आता हे यांच्यासमोर सांगा. सगळ्यांसमोर सांगा."

मास्तरांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. मध्ये कुठे थांबले नाहीत. काकाने नजर चुकवली. म्हातारा ऐकत राहिला. मग बऱ्याच दिवसांनी तो ताठ बसला आणि म्हणाला, "पोरगा माझा वेडा नव्हता." कुणालाच उद्देशून तो बोलला नव्हता. थोड्या वेळाने त्याने हातानेच मास्तरांना जायची खूण केली.

माफी कुणी दिली नाही. मास्तरांनी मागितलीही नाही. ते जिना उतरून रस्त्याला लागले.

वाचकहो, आपल्यापैकी कुणी वीज जोडतो, कुणी औषधाच्या बाटलीवर चिठ्ठी चिकटवतो, कुणी गाडी चालवायला शिकवतो, कुणी नुसता आपल्या मुलांना रस्ता ओलांडायला शिकवतो. आपल्या प्रत्येकाच्या कामात असा एखादा भाग असतो, की जो कंटाळवाणा वाटतो, अडतो, वेळ खातो. तो वगळला तरी बहुतेक वेळा काही होत नाही, आणि म्हणूनच वगळण्याची सवय लागते. ज्या दिवशी होतं, त्या दिवशी भोगणारा दुसराच असतो, आणि वर दोषही त्याच्याच माथी मारला जातो. तेव्हा अर्धं काम केलं असेल तर ते अर्धं आहे असं मोठ्याने सांगायला शिकूया. झालेली चूक मेलेल्याच्या पदरात घालायचं सोडूया. आणि कुणी दाराशी रेंगाळून काही विचारलं, तर हातातली वायर खाली ठेवून त्याला पूर्ण उत्तर देऊया. तो पुन्हा विचारायला येईलच असं नाही.